रोलर कोस्टरमध्ये बसू की नको? आधी गड्ड्यात जाऊन या

आमच्या गल्लीतून दर हिवाळ्यात एक बस खोपोलीला जाते. रात्री बाराच्या सुमारास सोलापूर सोडायचं, पुणं मागे टाकून खंडाळ्याचा घाट उतरायचा आणि इमॅजिका या मनोरंजन पार्कच्या दारात उभं राहायचं. वर्गणी गोळा करणं, पोरं मोजणं आणि तिथल्या नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरसमोर जाऊन पांढरे पडलेल्यांचं काय करायचं ते बघणं, ही तिन्ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. पहिल्या दोन कामांत कुणी लुडबूड करत नाही. तिसऱ्यात मात्र बसमधला प्रत्येक माणूस तज्ज्ञ असतो. "डोळे मिटून बस, काही कळत नाही." "उपाशी जा." "एकदम मोठ्यातच बस, मग बाकीच्याची भीतीच जाते." हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि तिन्ही मी पाळून बघितलेत.

ज्यांनी पुढचं वाचूच नये

गरोदर असाल, हृदयाचा त्रास किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल, फिट येत असतील, मान-कंबरेचं जुनं दुखणं असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा डोळ्याच्या पडद्याची तक्रार असेल तर बसायचं नाही. शंका असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, बसमधल्या काकांना नको. उंचीची पट्टी दारातच असते. पोराच्या बुटात रुमाल कोंबून त्याला दोन बोटं उंच करणारे बाप मी पाहिलेत. ती पट्टी पोराचं धाडस मोजत नाही, खांद्यावरचा दांडा त्याच्या अंगाला नीट बसेल का ते मोजते.

चाचणी होम मैदानावर

सोलापूरकरांना देवानं एक सोय करून दिली आहे, ती वापरा. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. अक्षता पडतात, होमप्रदीपन होतं आणि नंतरही कितीतरी दिवस होम मैदानावर गड्डा, म्हणजे पाळण्यांची जत्रा, चालू असतो. तिथं थोडक्या पैशात तीन वेगवेगळ्या भीती तपासून मिळतात.

आकाशपाळण्यात उंचीची. खाली माणसं चढवताना पाळणा वर थांबतो, डबा वाऱ्यावर हलतो, एका बाजूला तळं आणि देऊळ, दुसरीकडे किल्ला. तिथं तळहाताला घाम फुटला तर ती तुमची उंचीची भीती.

ब्रेकडान्स या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात गरगरण्याची. इथं ओकारी आली म्हणून रोलर कोस्टर जमणार नाही असं मुळीच नाही. गोल गोल फिरल्यानं कानातलं तोल सांभाळणारं यंत्र गोंधळतं, पण मोठ्या कोस्टरमध्ये तसं फिरणं फार नसतं आणि सगळा कारभार दीड-दोन मिनिटांत आटोपतो. घाटात उलटी करणारी माझी वहिनी नायट्रोतून हसत उतरली होती, आणि ब्रेकडान्समध्ये तीन फेऱ्या मारणारा तिचा भाऊ पहिल्याच उतारानंतर गप्प झाला.

खरी परीक्षा तिसरी, कोलंबस, म्हणजे झुलणारं जहाज. जहाज टोकाला जाऊन परत फिरतं तेव्हा क्षणभर बूड बाकावरून सुटल्यासारखं होतं आणि पोटात गोळा येतो. रोलर कोस्टरच्या उतारावर येतो तो हाच गोळा, फक्त मोठा. शरीर खाली पडायला लागलं की बाक आपल्याला वर ढकलेनासा होतो आणि आतलं सगळं हलकं वाटतं, बाकी त्यात काही नाही. आधी जहाजाच्या मध्यभागी बसा, मग टोकाला. टोकाला बसून हसू आलं तर तुम्ही बहुतेक बसू शकता. नुसतं चीड आणणारं, "आत्ताच्या आत्ता थांबवा" असं वाटलं तर मोठ्या कोस्टरनं ते आवडायला लागणार नाही.

एक सांगून ठेवतो. गड्ड्यातले पाळणे दरवर्षी खोलून, गाड्यांवर घालून नेतात आणि पुन्हा जोडतात. बसल्यावर दांड्याची पिन स्वतः ओढून बघा, सैल वाटली तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

प्रवास आणि पोट

बसमध्ये झोपा. सकाळी दोन इडल्या किंवा भाकरीचा तुकडा खा. उपाशी पोटी मळमळ वाढते आणि भरल्या पोटी काय होतं ते मी इथं लिहीत नाही.

रांगेबाहेरचा बाक

आता जिथं मी स्वतः आपटलो ते. पंचवीस-सव्वीसचा होतो, मेहुण्याबरोबर एका पार्कात गेलो होतो. बसायचं की नाही ते ठरलं नव्हतं. "चल तर, पुढं जाऊन बघू," म्हणून रांगेत शिरलो. रांग तासाच्या वरची. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून गाडी जायची आणि चाळीस जणांची एकच किंकाळी. प्रत्येक किंकाळीला मी मनात नकार ठरवायचो आणि गाडी गेली की पुन्हा होकार. फाटकापाशी पोचलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं. मेहुणा म्हणाला, "काय बे, फाटली का?" झालं, बसलो. डोळे गच्च मिटले, श्वास कोंडला. कुठं वळतंय ते दिसत नसल्यानं मान सावरता आली नाही आणि दोन्ही कान आलटून पालटून दांड्यावर आपटत राहिले. त्या अख्ख्या फेरीतला काळोख आणि कानाचं दुखणं एवढंच आठवतं. उतरल्यावर सगळ्यांना सांगितलं, "मस्त होतं."

तेव्हापासूनचा माझा नियम असा: निर्णय रांगेत घ्यायचा नाही. रांग ही भीती वाढवायचं यंत्र आहे. तिथं पाय हलत नाहीत, हाताला काम नसतं आणि समोर तेच तेच दिसत राहतं. शिवाय एकदा तास घालवला की "आता एवढं थांबलोच आहोत तर" हा बनियाचा हिशेब आडवा येतो. ज्याला नाही म्हणायचं असतं तो त्यापायी हो म्हणतो.

म्हणून आधी बाहेर, कोस्टर पूर्ण दिसेल अशा बाकावर बसायचं आणि गाडीच्या तीन फेऱ्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायच्या. पहिल्या फेरीत फक्त रूळ बघा: चढ कुठं, पहिला उतार कुठं, उलटं किती वेळा. दुसऱ्या फेरीत मनात आकडे मोजा. चढ सोडला तर सगळा खेळ किती लवकर संपतो ते कळतं. तिसऱ्या फेरीला बाहेर पडायच्या वाटेपाशी उभे राहा आणि उतरणाऱ्यांचे चेहरे बघा. किंकाळ्या फसवतात, चेहरे फसवत नाहीत.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, आणि तो "भीती वाटते का?" हा नाही. भीती वाटतेच. "कशाची वाटते?" हे विचारा आणि उत्तर एका वाक्यात, तोंडानं, शेजारच्याला ऐकू जाईल असं द्या.

उत्तर "पट्टा सुटेल, खाली पडेन" असं असेल तर ती भीती माहितीनं जाते. खांद्यावरचा दांडा खाली ओढला की कुलूपबंद होतो आणि फलाटावरून सोडल्याशिवाय वर जात नाही. चढावर येणारा खट-खट-खट आवाज पोरांना मोडतोडीचा वाटतो. तो गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांवर अडकत जाणाऱ्या पकडीचा आवाज आहे, म्हणजे तो येतोय तेच बरं. लूपमध्ये, म्हणजे गाडीला पूर्ण उलटं फिरवणाऱ्या रुळाच्या वेढ्यात, उलटं झाल्यावरही वेगामुळे आपण बाकातच दाबले जातो. लूप नीट बघा, तो गोल नसून पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला अगदी गोल लूप बांधला होता, त्यात लोकांच्या मानांना हिसके बसायचे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचा पोलादी लूप आला आणि तिथून आजची पद्धत रुळली.

"पोटात गोळा येतो तो नको" असं उत्तर असेल तर माहितीचा काही उपयोग नाही. तिथं कोलंबसचा निकाल मानायचा.

"सगळे बसतायत, मी एकटाच राहीन, हसतील" असं असेल तर तुम्हाला कोस्टरची नव्हे, मेहुण्याची भीती वाटतेय. अशा माणसाला मी बसू देत नाही. त्याच्याकडे नऊ मोबाइल, चार चष्मे आणि सगळ्यांच्या चपला देतो. नायट्रो तळ नसलेली गाडी आहे, पाय मोकळे लोंबकळतात, त्यामुळे चपला राखायला कुणीतरी लागतंच आणि त्या माणसाला दिवसभर मान मिळतो.

आणि उत्तरच आलं नाही, "माहीत नाही, पण नको" एवढंच आलं, तर आज नको. यावर चर्चा करायची नाही. आकडेमोड करून अशा माणसाला पटवणारे लोक आमच्या बसमध्ये आहेत. त्यांना मी दुसऱ्या टोकाला बसवतो.

रांगेत

बाकावर होकार ठरला तर रांगेत त्यावर पुन्हा बोलायचं नाही. हुरड्यावर बोला, कोणाच्या लग्नात हुग्गी बिघडली त्यावर बोला. पुन्हा विचारायची जागा एकच: चढायच्या फाटकापाशी. तिथं नको वाटलं तर कर्मचाऱ्याला सांगून बाजूच्या जिन्यानं निघून यायचं. बसल्यावरही, गाडी हलण्याआधी, हात वर करून मोठ्यानं "उतरायचंय" म्हटलं तर उतरवतात. चढावर ओढणाऱ्या साखळीनं गाडी पकडली की मात्र विषय संपला.

माझी भाची तेरा वर्षांची असताना दांडा खाली आल्यावर म्हणाली, "मामा, मला नाही जायचं." आवाज अगदी शांत होता. मी हात वर केला, दांडे उघडले, आम्ही दोघं उतरलो. मागची तीस-चाळीस माणसं आमच्याकडे बघत होती आणि एक जण "च्" करून चुकचुकला. जिना उतरून खाली आल्यावर तिनं डबा उघडला आणि शेंगाचटणी लावून भाकरी खाल्ली. त्या दिवशी तिनं बाकी सगळे पाळणे केले. मी त्या दिवशी तिला ओढून बसवलं असतं तर ती पुढच्या वर्षी बसमध्ये आली नसती. ती आली, आणि बाकावर तीन फेऱ्या बघून स्वतःच रांगेत जाऊन उभी राहिली.

कुठं बसायचं

मधल्या ओळीत. निवडू देत नसतील तर विनंती करा. "मागे कमी भीती" ही थाप आहे. पुढचे डबे उतरायला लागले की ते मागच्या डब्याला माथ्यावरून हिसडून खाली खेचतात, त्यामुळे गोळा मागेच जास्त येतो. पहिल्या ओळीत हिसका कमी, पण समोर काहीच नसतं आणि माथ्यावर क्षणभर टांगून ठेवल्यासारखं होतं.

बसल्यावर

आधीच सांगून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: तळ नसलेल्या गाडीत निघण्याच्या क्षणी पायाखालची फळी सरकते. काही मोडलेलं नाही, ते तसंच आहे.

डोकं मागच्या गादीला टेकवून ठेवा. डोळे उघडे, नजर खाली नको, पुढच्या रुळावर. वळण दिसलं की मान आपोआप तयार होते. चढावर श्वास सावकाश सोडत राहा. भीतीचा सगळ्यात वाईट भाग हा चढच असतो, नायट्रोत सुमारे ४० मीटरचा, आणि माथा ओलांडल्यावर घाबरायला वेळ उरत नाही. उतारावर ओरडा. ओरडायला लाज वाटत असेल तरी ओरडा, कारण ओरडणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. वळणाच्या तळाशी अंग जड होतं, तेव्हा मांड्या आणि पोटऱ्या आवळून धरा, डोळ्यांपुढं सहसा अंधारी येत नाही.

उतरल्यावर

पाय लटपटतात. पाच मिनिटं बसा, पाणी प्या. लगेच पुन्हा रांगेत पळू नका. आणि पुन्हा बसायचंच असेल तर जेवणाआधी.