घरच्या स्वयंपाकातील कॅलरी कशा मोजाव्यात

पाकिटातल्या बिस्किटांच्या कॅलरी वेष्टनावर छापलेल्या असतात, पण घरच्या पातेल्यातल्या आमटीवर काहीच लिहिलेले नसते. आपल्या जेवणाचा मोठा भाग या पातेल्यातूनच येत असल्यामुळे, वजन आटोक्यात आणण्यासाठी कॅलरी मोजायच्या असतील तर ताटात वाढल्यावर अंदाज बांधण्यापेक्षा ओट्यावरचे कच्चे जिन्नस मोजणे अधिक भरवशाचे ठरते.

सर्वप्रथम स्वतःची दिवसाची गरज काढावी. त्यासाठी मिफ्लिन-सेंट जोर हे 1990 साली मांडलेले सूत्र सोपे आहे. किलोग्रॅममधील वजनाला 10 ने आणि सेंटिमीटरमधील उंचीला 6.25 ने गुणून बेरीज करावी, त्यातून वयाची पाचपट वजा करावी आणि शेवटी पुरुषांनी 5 मिळवावेत, तर स्त्रियांनी 161 वजा करावेत. 68 किलो वजनाच्या, 155 सेंटिमीटर उंचीच्या चाळीस वर्षांच्या स्त्रीसाठी हे उत्तर सुमारे 1290 येते. शरीर पूर्ण विश्रांतीत असताना दिवसभरात एवढ्या कॅलरी लागतात. दिवस बैठ्या कामात जात असेल तर या आकड्याला 1.2 ने, आणि घरकाम व थोडे चालणे असेल तर 1.375 ने गुणावे. दुसऱ्या हिशेबाने तिची गरज सुमारे 1770 होते. त्यातून तीनशे-चारशे कमी करून 1400 च्या आसपास लक्ष्य ठेवणे पुरेसे आहे. घाईने 1200 च्या खाली उतरू नये, कारण इतक्या कमी अन्नातून पुरेशी प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळवणे कठीण जाते.

त्यानंतर ग्रॅम दाखवणारा एक डिजिटल वजनकाटा घ्यावा. वाटी आणि चमचा यांची मापे प्रत्येक घरात वेगळी असल्याने त्यांच्यावर विसंबू नये.

आता खरी मोजणी, आणि तिच्यासाठी साबुदाण्याच्या खिचडीइतके बोलके उदाहरण नाही. समजा, चौघांसाठी 250 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 100 ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, 150 ग्रॅम बटाटा आणि 40 ग्रॅम तूप घेतले. साबुदाण्याच्या साधारण 875, कुटाच्या 550, बटाट्याच्या 110 आणि तुपाच्या 360 अशा एकूण सुमारे 1900 कॅलरी कढईत गेल्या. रिकाम्या कढईचे वजन आधीच करून ठेवावे आणि खिचडी झाल्यावर ते एकूण वजनातून वजा करावे. तयार खिचडी 750 ग्रॅम भरली, तर 100 ग्रॅममध्ये सुमारे 250 कॅलरी आहेत, आणि दीडशे ग्रॅमच्या दोन वाट्या खाल्ल्या तर सुमारे 760 कॅलरी पोटात जातात. वरच्या उदाहरणातल्या स्त्रीच्या दिवसभराच्या लक्ष्याच्या निम्म्याहून हे अधिक आहे. उपासाचा फराळ हलका असतो ही समजूत या एका हिशेबानंतर टिकत नाही. भाजी, आमटी, पोहे यांचाही हिशेब असाच करून एका वहीत लिहून ठेवावा. नेहमीचे पदार्थ मोजकेच असल्यामुळे काही आठवड्यांतच रोजचे काम वही पाहण्यापुरते उरते.

भात आणि डाळ यांच्याबाबतीत एक चूक हमखास होते. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 350 कॅलरी असतात, पण शिजताना तो पाणी शोषून घेतो आणि तितक्याच वजनाच्या भातात साधारण 130 उरतात. कच्च्याचा आकडा शिजलेल्या वजनाला लावला की सगळा हिशेब फसतो.

सर्वाधिक लक्ष मात्र तेलातुपाकडे द्यावे. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅममधून 4 कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून 9 मिळतात. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण शंभर कॅलरी असतात आणि तिच्यावर सोडलेले चमचाभर तूप आणखी चाळीस घालते. फोडणीचे तेल रोज मोजणे जमत नसेल तर महिन्याच्या किराण्यावरून पडताळणी करावी. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे 270 कॅलरी येतात. तळणीनंतर टाकून दिलेले तेल त्यातून वगळावे. अनेक घरांत ताटातली पोळी कमी करण्याआधी तेलाची पळी लहान करणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला मनापासून वाटते.

पदार्थांचे आकडे शोधताना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेले भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते वापरावेत. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असल्याने आकड्याला 4.184 ने भागावे. वेष्टनावर छापलेली किलोकॅलरी आणि आपण बोलताना म्हणतो ती कॅलरी एकच आहे.

वजन सकाळी, काही खाण्यापूर्वी करावे आणि आठवड्याची सरासरी पाहावी, कारण मीठ, पाणी आणि मासिक पाळी यांमुळे ते रोज वरखाली होत राहते. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर आधी न नोंदवलेला चहा, शेव आणि मुलांच्या ताटात उरलेला घास यांचा हिशेब घ्यावा आणि मगच लक्ष्य शंभरेक कॅलरींनी कमी करावे. गर्भवती व स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, तसेच इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी करू नये. आकड्यांमुळे जेवणाचीच भीती वाटू लागली, तर मोजणी तत्काळ थांबवून डॉक्टरांशी बोलावे.