वर्धा ते यवतमाळ आणि परत: सायकलप्रवासाची आखणी

वर्ध्याहून यवतमाळ रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन १४० किलोमीटरचा हा प्रवास रोज थोडीफार सायकल चालवणाऱ्या माणसाच्या आवाक्यातला आहे, मात्र त्याची आखणी जाण्यापासून नव्हे, तर परतीपासून करावी लागते. वर्धा समुद्रसपाटीपासून साधारण २३५ मीटर उंचीवर आहे, तर यवतमाळ ४४५ मीटरच्या आसपास. जाताना चढ आणि येताना उतार, एवढे पाहून परतीचा दिवस सोपा जाईल असे वाटते. पण हा रस्ता नैर्ऋत्येकडे जातो आणि हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून वाहतो. त्यामुळे जाताना पाठीशी असलेला वारा परतताना थेट छातीवर येतो आणि उताराचा बराचसा फायदा खाऊन टाकतो. एकदा जानेवारीत यवतमाळहून दुपारचे जेवण आटोपून मी निघालो आणि वर्ध्याच्या अलीकडचे देवळी गाठेपर्यंत अंधार पडला होता.

तेव्हापासून मी हा प्रवास दोन दिवसांचाच धरतो आणि इतरांनाही तेच सांगतो. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. ताशी १५ किलोमीटरची सरासरी धरली तरी १४० किलोमीटरला सव्वानऊ तास केवळ पायडल मारण्यात जातात आणि थांबे वेगळेच. यवतमाळला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उजाडताच निघावे. पहाटे वारा पडलेला असतो आणि ऊन चढू लागले की तो जोर धरतो. त्याआधी वाटेतले कळंब मागे पडले तर पुढची वाट सुसह्य होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात या वाटेला जाऊच नये.

सायकल गिअरचीच हवी असे नाही, पण सीटची उंची अचूक हवी: पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकवली, तर पाय सरळ व्हायला हवा. टायरमधील हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत ठेवावी, चेनला तेल द्यावे आणि ब्रेकचे रबर झिजले असल्यास निघण्याच्या आठवडाभर आधीच बदलून सायकल २५-३० किलोमीटर चालवून पाहावी. सोबत दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, पंक्चरचे साहित्य आणि आपल्या सायकलच्या नटांना बसणारे पाने असू द्यावेत.

पंक्चर होणार हे गृहीतच धरावे, कारण कडेला बाभळीचे काटे आणि सराटे भरपूर असतात. ट्यूब बाहेर काढल्यावर दुसरी बसवण्याची घाई करू नये. बाभळीचा काटा बाहेरून मोडून जातो आणि त्याचे टोक रबरात रुतून राहते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि बोट फिरवल्यास बोटातच घुसते. कापसाच्या गाड्यांमधून उडालेला कापूस या दिवसांत कडेच्या झुडपांना लटकलेला असतो. त्यातला चिमूटभर घेऊन टायरच्या आतून हळूहळू फिरवावा; जिथे तंतू अडकेल तिथे काटा आहे. तो बाहेरच्या बाजूने ढकलून आतून उपटावा आणि मगच नवी ट्यूब घालावी.

हा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आहे, तेव्हा डाव्या कडेनेच चालावे. गावांजवळ मोटारसायकली उलट दिशेने येतात, त्यांच्यावर सतत लक्ष ठेवावे. मोठा ट्रक शेजारून जाताना हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो, म्हणून दोन्ही हात हँडलवर घट्ट असावेत. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) लादलेल्या बैलगाडीच्या दोन्ही अंगांनी काड्या बऱ्याच बाहेर आलेल्या असतात, त्यामुळे तिला खेटून पुढे जाऊ नये. अवकाळी पाऊस झाला असेल तर पांदण रस्त्याने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, जवळची वाट काढण्याचा मोह आवरावा. काळी माती टायर आणि ब्रेकच्या मध्ये अशी भरते की चाक फिरेनासे होते. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही.

सकाळी उपाशीपोटी तर्री-पोहे खाऊ नयेत. गूळ-पोळी आणि केळे पुरते. पुढे दर तासाला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एक संत्रे खावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता अर्धा लिटर पाणी घोट-घोट प्यावे. घामाने मीठ जाते, म्हणून एका बाटलीत लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवावे. चमचा चहाचा घ्यावा.

जाताना सावंगी, देवळी, भिडी अशी गावे मागे टाकून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. कळंबला जमिनीच्या पातळीखाली असलेल्या चिंतामणीच्या देवळाशी अर्धा तास विसावा घ्यावा, कारण खरा चढ त्यानंतरच्या २२-२३ किलोमीटरमध्ये आहे. तिथे उभे राहून जोर लावण्यापेक्षा बसूनच, एका लयीत पायडल मारावे. परतताना हाच उतार पहाटेच्या थंडीत लागतो, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे चढवूनच निघावे, ब्रेक सलग दाबून न ठेवता थांबून-थांबून दाबावेत. देवळीला शेवटचा थांबा घेऊन बाटल्या भरून घ्याव्यात आणि उशीर झालाच असेल तर मागचा लाल दिवा तिथूनच लावावा, कारण वर्ध्याच्या जवळ वाहने एकदम वाढतात.