राजीनामा झाला, पण कुणाचा?

वृत्तसंकेतस्थळाच्या मराठी डेस्कवर नव्याने लागणाऱ्यांना धास्ती इंग्रजीची असते. खरं सांगू? इंग्रजी परवडली. बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजेच 100 कोटी, हे एकदा समोर चिकटवून ठेवलं की भागतं. घात करते ती हिंदी. ती वाचताना शब्दकोश उघडावा असं वाटतच नाही. मी आपटलो तो तिथेच.

नोकरीचा तिसरा महिना, रात्रपाळी. मध्य प्रदेशातल्या एका गावची हिंदी कॉपी आली. सरपंच-उपसरपंचांची हाणामारी, प्रकरण पोलीस ठाण्यात, आणि शेवटी ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’. मी मथळा ठोकला, ‘हाणामारीनंतर सरपंच, उपसरपंचांचा राजीनामा’. वर नोटिफिकेशनही सोडलं.

हिंदीत, विशेषतः कोर्टकचेरीच्या बातम्यांत, राजीनामा म्हणजे तडजोड. पद सोडणं म्हणजे इस्तीफा. ते दोघे भांडण मिटवून घरी गेले होते आणि इकडे मी त्यांना खुर्चीवरून उतरवलं होतं. बातमी दुरुस्त केली, पण मोबाइलवर गेलेला मथळा परत कसा आणणार? मुख्य उपसंपादक एक शब्दही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘शिक्षा मंत्री’चा शिक्षणमंत्री सगळेच करतात. ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती, हेही लवकर अंगवळणी पडतं. फसवतो तो वाक्यात चपखल बसणारा शब्द. म्हणून क्रियापद बघा. राजीनामा ‘देतात’, दोन पक्षांत ‘होत’ नाही. कुणाकडे दिला, मंजूर कुणी केला, हे कॉपीत नसेल तर हात थांबवा. एवढंच मला त्या रात्री सुचलं नाही.

भाषांतराचं यंत्र वापरू नका, असं म्हणणार नाही. रात्री दोनला सगळेच वापरतात. पण त्यालाही चपखल शब्दाचाच मोह असतो. आणि गुरू करायचाच तर बातमीवर नाव झळकणारा बायलाइनवाला नको, जुना मुद्रितशोधक गाठा. मिळाला तर नशीब.

फार घाबरूही नका. 6 जानेवारी 1832 ला सुरू झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारच्या रकान्यांत छापला जायचा. दोन भाषांची ही ओढाताण आपल्या धंद्यात पहिल्या दिवसापासूनची आहे.

परवा एका हिंदी कॉपीत ‘बचाने की चेष्टा की’ असं होतं. नव्या मुलाने खुर्ची वळवून विचारलं, “सर, बुडणाऱ्याची कुणी चेष्टा कशाला करेल?” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्या दिवशीचा चहा माझ्याकडून.