अलेक्झांड्रियाला जाताय? या चुका टाळा

कैरोहून सकाळी निघायचं, अलेक्झांड्रिया बघायचं आणि रात्री परतायचं, असा बेत बरेच जण आखतात. गणित तिथेच चुकतं. अंतर साधारण 220 किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यातच पाच-सहा तास गेले. निदान एक रात्र मुक्काम ठेवा.

रेल्वे आधी सिदी गाबेरला थांबते. गर्दी उतरली की नवखेही तिच्यामागे उतरतात. हॉटेल रम्ल या मध्यवर्ती भागात असेल तर जागचे हलू नका. शेवटचं स्थानक, महत्तत मस्र, तुमच्या सोयीचं. चुकून उतरलातच तर बाहेर टॅक्सी मिळते. मीटरच्या भरवशावर मात्र राहू नका, बसण्याआधी भाडं ठरवा.

खरी निराशा होते ती अपेक्षांमुळे. गिझाचे पिरॅमिड बघून आलेला माणूस इथेही तसंच काहीतरी उभं असेल म्हणून येतो आणि समोर गजबजलेलं, खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेलं शहर दिसतं. सिकंदराने इ.स.पू. 331 मध्ये वसवलेलं नगर आजच्या इमारतींखाली गाडलं गेलंय, काही भाग समुद्रात बुडालाय. प्रसिद्ध दीपगृह भूकंपांनी पाडलं; त्या जागी 1477 मध्ये सुलतान कैतबेने किल्ला उभारायला घेतला. तिथे दीपगृह शोधत फिरू नका. जगप्रसिद्ध ग्रंथालयाचंही तेच: आजची इमारत 2002 मध्ये खुली झाली. ‘पॉम्पीचा स्तंभ’ रोमन सेनापती पॉम्पीचा नाहीच, तो रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या सन्मानार्थ उभारलेला. आणि क्लिओपात्राच्या नावाचे दोन दगडी सूचीस्तंभ बघायचे तर लंडन आणि न्यूयॉर्क गाठावं लागेल!

मग बघायचं काय? माझं मत विचाराल तर कोम अल-शुकाफा. 1900 मध्ये सापडलेली ही भुयारी दफनभूमी पॉम्पीच्या स्तंभापासून फार लांब नाही, तरी वेळ संपला म्हणून लोक नेमकी हीच गाळतात. गोल जिन्याने खाली उतरलं की कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, इजिप्शियनांचा मृतांचा देव, रोमन शिपायाच्या चिलखतात उभा दिसतो. इजिप्शियन, ग्रीक, रोमन अशी इथली सरमिसळ एवढ्या थेटपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पायऱ्यांचा विचार आधी करावा. ग्रीको-रोमन संग्रहालयही वगळू नका. अनेक वर्षं बंद होतं, 2023 मध्ये पुन्हा उघडलं. जुन्या माहितीवर विसंबून लोक तिकडे फिरकत नाहीत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती पाहिलेल्यांना तर तिथे ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटेल.

तिकिटासाठी नुसती रोकड नेऊ नका. बऱ्याच स्थळांवर परदेशी पर्यटकांकडून कार्डानेच पैसे घेतात. ड्रोन घरीच ठेवा, विमानतळावर जप्त होतो. इजिप्त म्हणजे वाळवंट, म्हणून जानेवारीत नुसते सुती कपडे घेऊन जाणारे पावसात आणि समुद्रवाऱ्यात कुडकुडतात.

खाण्याचं एक सांगायला हवं. रस्त्यावर लसूण-मिरचीच्या खमंग वासाचं ‘किब्दा’ सँडविच मिळतं. ती गोवंशाची कलेजी असते. ते चालत नसेल तर ‘फूल’ (शिजवलेल्या बाकला शेंगांचे दाणे), ‘ताअमिया’ (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) किंवा ‘कोशरी’ (भात, मसूर आणि पास्ता एकत्र) मागा, तिन्ही शाकाहारी. मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. बर्फावरचा मासा आपण निवडायचा, तो वजन करून भाजून किंवा तळून देतात. बोट दाखवण्याआधी किलोचा भाव आणि करून द्यायचे पैसे त्यात धरलेत का, एवढं विचारून घ्या.