आई-बाबांच्या घरात सेन्सर बसवायचा तर

मुलं परगावी आणि घरात सत्तरीपुढचे दोघंच असले, की आधी हॉलमध्ये कॅमेरा बसतो. मग त्यावर टॉवेल पडतो, नाहीतर प्लग निघतो. आपल्याच घरात कुणी चोवीस तास बघतंय हे कुणालाच रुचत नाही. उगीच ‘म्हाताऱ्यांना मोबाइल जमत नाही’ म्हणू नये.

खरेदीआधी भीती कसली आहे ते विचारा, आणि भीती त्यांची, तुमची नव्हे. रात्री बाथरूमला जाताना पडण्याची असेल, तर घरातल्या बोळात हालचालीवर लागणारा बॅटरीचा दिवा पुरतो. त्याची माहिती कुठेच जात नाही आणि उपयोग त्यांनाच होतो. सुरुवात याच दिव्याने करा.

सकाळी उठलेत की नाही हे कळायला हवं असेल आणि ते कबूल असतील, तर स्वयंपाकघरात एक हालचालीचा सेन्सर आणि मुख्य दाराला एक चुंबकी सेन्सर (दार उघडलं-मिटलं की नोंद करणारा) लावा. बेडरूम, बाथरूम सोडून द्या.

हालचालीचा सेन्सर साधारण दोन मीटर उंचीवर, कोपऱ्यात हवा. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर तो चटकन टिपतो, सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. त्याला उष्णतेतला बदल कळतो, म्हणून गॅसची शेगडी किंवा उन्हाची खिडकी समोर नको. डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप पापुद्र्यासकट सुटते; गिट्टी ठोकून स्क्रूच लावा. दाराच्या सेन्सरचे दोन भाग एक सेंटिमीटरच्या आत हवेत. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबकाचं गणित बिघडतं, आतल्या लाकडी दारावर बसवा.

पहिले दोन आठवडे मोबाइलवरच्या ॲपमधल्या सूचना बंद ठेवून फक्त नोंदी पाहा. एरवी साडेसहाला स्वयंपाकघरात जाग असेल, तर ‘अजून हालचाल नाही’ ही सूचना आठला ठेवा. घाईने सातला ठेवली तर एकादशीला उशिरा उठलेल्या आईच्या दारावर शेजारी थापा मारतात, आणि तिसऱ्या खेपेला सेन्सरमधला सेल बाहेर येतो. खुर्चीत स्वस्थ बसलेला माणूस आणि रिकामी खोली या सेन्सरला सारखीच, हेही धरून चाला.

वीज गेली की राउटर बंद, आणि ॲप मात्र जुनीच नोंद दाखवत राहतं. राउटर आणि हब (सेन्सरच्या नोंदी गोळा करून ॲपकडे पाठवणारी डबी) दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या (अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर जुळवून) आणि ‘संपर्क तुटला’ ही सूचना चालू करा.

नोंदी कोण पाहणार ते त्यांच्यासमोर ठरवा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या टाकू नका. घरकामाच्या मावशींनाही सेन्सर दाखवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीचा घरगुती वापर वगळलेला आहे, तेव्हा मुलांना आवरायला हा कायदा येणार नाही. त्यातलं एक तत्त्व मात्र घ्या: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणं. म्हणजे हबचा स्विच त्यांच्या हाताच्या उंचीवर, आणि तो बंद दिसला तर ‘का केलात?’ असा फोन करायचा नाही. विसराळूपणा वाढला असेल तर एकदाचा होकार पुरत नाही, पुन्हा पुन्हा विचारा.

सूचना आली तर आधी फोन, दहा मिनिटांत उत्तर नसेल तर किल्ली असलेले शेजारी, तेही नसतील तर 112. हा क्रम मोठ्या अक्षरात लिहून दाराआड चिकटवा, आणि किल्ली कुणाकडे द्यायची ते आई-बाबांनाच ठरवू द्या.