कम्युनिटी कॉलेजमार्गे पर्यावरणशास्त्राची पदवी: पुण्यात असतानाच करायची आखणी

बारावीनंतर अमेरिकेत पर्यावरणशास्त्र शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात) काढून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाता येते. पदवी विद्यापीठाचीच मिळते, त्यामुळे पालकांनी या कॉलेजांना दुय्यम समजून हा मार्ग नाकारू नये. मात्र त्याची आखणी शेवटाकडून सुरुवातीकडे करावी लागते, आणि आपल्याकडे नेमके उलटे होते: आधी नातेवाइकांच्या घराजवळचे कॉलेज ठरते, मग व्हिसा, मग विषय, आणि विद्यापीठाचा विचार सर्वांत शेवटी. येथे कॅलिफोर्नियाची व्यवस्था डोळ्यांपुढे ठेवली आहे, कारण तेथे ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि त्यांच्यापासून ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’पर्यंतची वाट लेखी स्वरूपात उपलब्ध आहे.

सर्वप्रथम विद्यापीठ आणि शाखा निवडावी. ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स’ आणि ‘एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज’ ही नावे सारखी वाटली तरी पहिल्या शाखेचा भर सहसा रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणितावर असतो, तर दुसरीत धोरण, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राला अधिक वाव असतो. शाखा ठरली की ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज, विद्यापीठ आणि शाखा निवडून त्यांच्यातील करार उघडावा. त्यात डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला विषय आणि उजवीकडे त्याच्या तोडीचा कॉलेजातील विषय दिलेला असतो. उजवीकडे समकक्ष विषय नसल्याची नोंद वारंवार दिसत असेल, तर ते कॉलेज मामाच्या घरापासून पाच मिनिटांवर असले तरी सोडून द्यावे.

हा करार हाती घेऊन चारही सत्रांचा तक्ता पुण्यातच कागदावर मांडावा, कारण रसायनशास्त्राची साखळी तेथे कुणासाठी थांबत नाही. सामान्य रसायनशास्त्राचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि विद्यापीठाने सेंद्रिय रसायनशास्त्रही मागितले असेल तर त्याचे भाग त्यापुढे येतात. पहिल्या सत्रात प्रयोगशाळेची जागा मिळाली नाही म्हणून रसायनशास्त्र पुढे ढकलले, तर दोन वर्षांची अडीच किंवा तीन वर्षे होतात, आणि परदेशी विद्यार्थ्याला हा विलंब फार महाग पडतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटसाठी (युनिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे श्रेयांकासारखे एकक) ४६ डॉलर शुल्क आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला मात्र त्याच्या अनेक पट भरावे लागते.

गणिताविषयी आपल्या विद्यार्थ्यांना विशेष सावध करावेसे वाटते. जीवशास्त्राची आवड असलेली मुले अकरावीत गणित सोडतात, आणि पर्यावरणशास्त्राला ते लागणार नाही असा घरच्यांचाही समज असतो. प्रत्यक्षात विज्ञानशाखेच्या पदवीसाठी कलन आणि बहुधा संख्याशास्त्रही मागितले जाते. शक्य असेल तर अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. गणित सुटलेच असेल, तर बीजगणित आणि त्रिकोणमिती निघण्यापूर्वी शिकवणी लावून पक्की करावी, नाहीतर कलनाआधीच्या पायाभूत विषयात एक सत्र जाऊ शकते.

अकरावी-बारावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाचा प्रकल्प आदल्या रात्री उतरवून काढण्याची रीत आहे. ती मनापासून टाळावी. खडकवासल्याच्या खाली आणि बंडगार्डनजवळ, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, नदीच्या पाण्याचे तापमान, सामू आणि गढूळपणा मोजून पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या नोंदी वहीत ठेवल्या, तर प्रवाहाचे आणि सांडपाण्याचे नाते आकड्यांतून समजू लागते. ‘युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया’च्या अर्जात कॉलेजातून विद्यापीठात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न सक्तीचा असतो: निवडलेल्या शाखेसाठी तुम्ही कोणती तयारी केली? त्याला ३५० शब्दांत उत्तर द्यायचे असते, आणि अशी वही असलेल्याला ते शब्द अपुरे पडतात.

या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी ६० सत्र-युनिटे लागतात. राज्याबाहेरच्यांसाठी गुणांची किमान सरासरी ४ पैकी २.८ आहे, परंतु प्रत्यक्ष स्पर्धा त्याहून बरीच वर असते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे विद्यापीठाचे सहा परिसर (कॅम्पस) अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात; ती एकाच परिसरासाठी मागता येते आणि काही शाखा तिच्यातून वगळलेल्या असतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो येथे ही सोय नाही. हमीचा अर्ज आदल्या वर्षीच्या १ ते ३० सप्टेंबर या काळात भरायचा असतो. म्हणजे ऑगस्ट २०२६ मध्ये कॉलेज सुरू केलेल्याला तो सप्टेंबर २०२७ मध्येच द्यावा लागेल आणि तेव्हा हाती पहिल्या वर्षाचेच गुण असतील. म्हणून पहिल्या सत्रात रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी लेखन एवढेच अवघड विषय घ्यावेत आणि उरलेला भार हलका ठेवावा; मात्र व्हिसाच्या अटीनुसार १२ युनिटांच्या खाली जाऊ नये. ऑनलाइन विषयांपैकी एकच या १२ मध्ये धरला जातो, हेही नाव नोंदवताना तपासावे.

प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम आणि प्रयोगवह्या जपून ठेवाव्यात, कारण समकक्षतेची शंका आल्यास विद्यापीठ त्या मागू शकते. प्रवेश पक्का झाल्यावर कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला कळवून आपली सेव्हिसमधील (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील) नोंद विद्यापीठाकडे वर्ग करून घ्यावी आणि नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) हाती आल्याशिवाय सुट्टीसाठी पुण्याचे तिकीट काढू नये.