सर्चचं रँकिंग सुधारताय? या चुका टाळा

इथल्याच एका दुकानाचा ऑनलाइन कॅटलॉग माझ्याकडं आला होता, इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनवर चाललेला. 'कोल्हापुरी साज' टाकलं की सगळ्यात वर 'कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला'! बघितलं तर टायटलला 50 चा बूस्ट लावलेला, म्हणजे टायटलमध्ये शब्द जुळला की त्याचे गुण 50 पट. बहुतेक ठिकाणी गडबड इथूनच सुरू होते, रिझल्ट पटला नाही की वाढव बूस्ट, दुसरं काय बिघडलं की अजून वाढव. असं करू नका राव.

आधी क्वेरीत (शोधाच्या विनंतीत) एक्सप्लेन हा पर्याय चालू करा आणि स्कोर, म्हणजे प्रत्येक रिझल्टचे गुण, कुठनं आला ते बघा. 5.0 व्हर्जनपासून, म्हणजे 2016 पासून, स्कोर काढायचं डीफॉल्ट सूत्र बीएम25 आहे, आणि त्यात जो शब्द कमी ठिकाणी सापडतो त्याला जास्त वजन मिळतं. समजा 1000 वस्तू आहेत, 900 मध्ये 'कोल्हापुरी' आहे आणि फक्त 20 मध्ये 'साज', तर पहिल्याचं वजन साधारण 0.1 आणि दुसऱ्याचं 3.9. म्हणजे इंजिनला बरोबर कळतंय की गिऱ्हाईक साज मागतंय. पण टायटलमधल्या त्या 0.1 ला 50 नं गुणलं की 5 होतात, आणि ज्या दागिन्याच्या टायटलमध्ये नुसतं 'हार' लिहिलंय, साज हा शब्द खाली वर्णनात आहे, तो गेला मसाल्याच्या मागं. बूस्ट 2-3 वर आणला आणि साज वर आला.

मग लोक म्हणतात सगळे शब्द जुळलेच पाहिजेत, आणि ऑपरेटर 'अँड' करतात. मल्टी-मॅच म्हणजे टायटल, वर्णन अशा अनेक फील्डमध्ये (रकान्यांत) एकदम शोधणारी क्वेरी, तिच्या बेस्ट फील्ड्स प्रकारात त्याचा अर्थ सगळे शब्द एकाच फील्डमध्ये हवेत असा होतो, त्यामुळं एक शब्द टायटलमध्ये आणि एक वर्णनात असलेला चांगला माल गायबच होतो. तिथं क्रॉस फील्ड्स वापरा, तो प्रकार सगळी फील्ड मिळून एकच धरतो.

विक्रीच्या आकड्यानं स्कोर गुणताना पण जपून. लॉग1पी (आकड्यात 1 मिळवून लॉगरिदम) लावलं तर शून्य विक्रीचा लॉग शून्य, गुणाकार शून्य, नवीन माल थेट तळाला. गुणाकाराऐवजी बेरीज करा, नाहीतर लॉग2पी (1 ऐवजी 2 मिळवणारा) घ्या.

टेस्टिंगला थोडाच डेटा आणि शार्ड (इंडेक्सचे तुकडे) जास्त असतील तर प्रत्येक शार्ड शब्दांचं वजन वेगळं काढतो आणि क्रम विचित्र दिसतो, तेवढ्यावरून सेटिंग बदलत बसू नका, एकच शार्ड ठेवा (7.0 पासून डीफॉल्ट तेच आहे). आणि 'स्कोर 5 च्या खाली असेल तर दाखवू नको' असला नियम तर नकोच, एका क्वेरीतला 5 आणि दुसऱ्या क्वेरीतला 5 यांचा काही संबंध नसतो.

मराठीचं दुखणं वेगळंच. मजकूर शब्दांत तोडायचं काम अ‍ॅनालायझर करतो. चप्पल, चपला, चपलेचा हे स्टँडर्ड अ‍ॅनालायझरला तीन वेगळे शब्द, आणि हिंदीचा लावला तर तो हिंदीचे प्रत्यय कापतो, आपले नाही. 'ॲ' दोन पद्धतीनं टाइप होतो, दिसतो सारखाच पण मॅच होत नाही, त्याला मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर (एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारा) लावून एकच रूप करून घ्या.

आणि सर्चच्या लॉगमधून, म्हणजे लोकांनी काय शोधलं त्या नोंदींतून, खऱ्या क्वेऱ्यांची यादी काढा, प्रत्येक बदलानंतर तीच चालवून बघा. त्या दुकानाच्या लॉगमध्ये लोक 'पायताण' शोधत होते आणि कॅटलॉगमध्ये सगळीकडं 'चप्पल', रिझल्ट शून्य. तिथं कितीही बूस्ट लावला असता तरी काही हाती लागलं नसतं, सिनॉनिमची (समानार्थी शब्दांची) एक ओळ टाकली आणि पायताणं दिसायला लागली.